आठाचे पाच

जर्मनीत आम्ही राहतो त्या नेकारसुल्महून गाडीनं तासाभराच्या अंतरावर एक अम्यूझमेंट पार्क आहे. गेल्या उन्हाळ्यात एका शनिवारी आम्ही चौघं तिथं गेलो होतो: मी, नवरा, आमची सात वर्षांची लेक आणि पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाई. नवरा मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेत जाऊन उभा राहिला. रांग बरीच लांब होती, म्हणून आम्ही तिघी लहान मुलांच्या भागात थांबलो.

तिथं एक मोठी लाकडी तबकडी आहे. मुलं तिच्यावर बसतात, ती फिरायला लागते, आणि एकेक मूल घसरत कडेच्या गाद्यांवर जाऊन पडतं. ह्यात लागण्यासारखं काही नाही, असं मीच सासूबाईंना सांगितलं होतं. आमची लेक शेवटपर्यंत टिकली. आपण जिंकलो हे दाखवायला तिनं दोन्ही हात वर केले आणि नेमकी त्याच क्षणी ती बाहेर फेकली गेली. डावा हात अंगाखाली आला. रडली नाही. उठून, हात पोटाशी धरून, माझ्याकडे चालत आली. चेहरा पांढराफटक पडला होता.

प्रथमोपचाराची खोली जवळच होती. तिथल्या बाईंनी आम्हाला लगेच आत घेतलं, सासूबाईंना खुर्ची दिली, लेकीला बोटं हलवायला सांगितली. मग तिलाच विचारलं, एक ते दहामध्ये किती दुखतंय? लेकीनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "आख्ट." म्हणजे आठ.

मी हसले. माफी मागताना हसतात तसं. म्हटलं, पाच असेल खरं तर, ती जरा नाजूक आहे. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कागदावर पाच लिहिलं. बाईंनी हातावर बर्फाची पिशवी ठेवली, पट्टी बांधली, दुखणं वाढलं तर परत या म्हणाल्या आणि तो कागद माझ्याकडे दिला. दारातून बाहेर पडेपर्यंत मी तीनदा डांके, म्हणजे धन्यवाद, म्हटलं असेल.

मी करमाळ्याच्या शाळेत शिकले. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. वरचं शिकायला मिळालं ते शाळेतल्या बाईंमुळे, तालुक्याच्या डॉक्टरांमुळे, अनेकांमुळे. प्रत्येकानं आपलं काम मोडून मदत केली. डॉक्टरांनी विचारलं की "बरं वाटतंय" म्हणायचं, हे आईनं शिकवलं होतं. माणसं आपल्यासाठी एवढं करतात, तर आपला भार त्यांना कमी वाटावा. जर्मनीत आल्यावर ही सवय गेली नाही, वाढलीच. त्या उपकारांबद्दल मला आजही कृतज्ञता वाटते. पण त्यांची परतफेड त्या दिवशी मी लेकीच्या दुखऱ्या हातानं केली.

बाहेर बाकावर बसल्यावर सासूबाई म्हणाल्या, "अगं, ती आठ म्हणाली ना?"

मी चपापले. आमच्या इमारतीचे जिने चढताना नातीनं त्यांना दहापर्यंत जर्मन आकडे शिकवले होते, हे मी विसरूनच गेले होते.

"अहो आई, मुलं वाढवून सांगतात."

"सांगतात ना. माझा मुलगा तर कायम वाढवूनच सांगायचा," त्या म्हणाल्या. "पण ही आइस्क्रीम नको म्हणते आहे."

तिच्यासाठी घेतलेलं आइस्क्रीम माझ्या हातात वितळत होतं. नवऱ्याला फोन लावला, तो लागेना. रोलर कोस्टरवर चढण्याआधी फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात. मला सगळ्यांचाच राग येत होता. त्या तबकडीचा, रांगेचा, नवऱ्याचा, आणि खोटं कशाला लिहू, हात वर करणाऱ्या लेकीचाही. मी तिला विचारलं, "फार नाही ना दुखत?" त्या प्रश्नात उत्तर मीच घालून दिलं होतं. ती म्हणाली, "गेट शोन." चालेल, म्हणजे.

नवरा आला तेव्हा तास होऊन गेला होता. त्यानं पट्टी सैल करून पाहिलं. मनगट सुजून दंडाएवढं जाड झालं होतं. काय म्हणाले तिथं, असं त्यानं विचारलं. मी आठाचं आणि पाचाचं, सगळं सांगितलं.

"तुला डांके म्हणायला मिळालं ना, झालं तर मग," तो म्हणाला.

मी मोटारींच्या कारखान्यात सुट्या भागांची मापं तपासते. दशांश मिलीमीटरचा फरक निघाला तरी पार्ट परत पाठवते, समोर कितीही मोठा साहेब असो. तिथं माझी जीभ कधी अडखळत नाही.

अँब्युलन्स मागायला आम्ही परत त्या खोलीत गेलो. आता तिथं दुसरा माणूस होता. त्यानं माझ्याकडचा कागद वाचला आणि शांतपणे सांगितलं की पाचासाठी अँब्युलन्स बोलवत नाहीत, तुम्ही आपल्या गाडीनं हॉस्पिटलला जाऊ शकता. मी म्हटलं, तो आकडा चुकीचा आहे. तो म्हणाला, पण लिहिलेला हाच आहे. भांडायला जागाच नव्हती. आकडा माझाच होता.

हॉस्पिटलच्या लहान मुलांच्या इमर्जन्सीमध्ये विम्याचं कार्ड दिलं, पार्कचा कागद दिला, आणि बसलो. आमच्यानंतर आलेला, भुवई फुटलेला एक मुलगा आमच्याआधी आत गेला. नवरा काउंटरवर दोनदा विचारून आला. दोन्ही वेळा त्याला सांगितलं की नंबर दुखापतीप्रमाणे लागतो. तो परत येऊन माझ्या शेजारी न बसता समोर बसला.

शेवटी मी आणि लेक आत गेलो. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कागदावर नजर टाकली आणि लेकीला तोच प्रश्न विचारला.

लेकीनं आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "फ्युन्फ." पाच.

डॉक्टरीणबाई लिहायला लागल्या. मी मराठीत म्हटलं, "खरं सांग, बाळा."

ती जर्मनमध्ये म्हणाली, "पण पाच तूच म्हणालीस ना."

आवाजात तक्रार नव्हती. शाळेत बाईंनी पाढा चुकीचा शिकवावा आणि मुलीनं तसाच पाठ करावा, तशी ती मला माझं उत्तर परत देत होती. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं की ती आधी आठ म्हणाली होती, पाच मी सांगितलं, आणि मी चुकले. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि तिला विचारलं, "आणि आत्ता?" मी जमिनीकडे पाहत राहिले. ती म्हणाली, नऊ.

एक्स-रेमध्ये मनगटाजवळच्या हाडाला तडा दिसला. चार आठवडे प्लास्टर होतं. हाड व्यवस्थित जुळलं, ती आता झोपाळ्यावर उलटी लटकते. सासूबाई पुण्याला परत गेल्या, नवऱ्याचा रागही गेला.

परवा तिला ताप होता. डोकं दुखतंय का, मी विचारलं, तर तिनं आधी माझा चेहरा पाहिला. एवढे महिने झाले तरी. मी उठले, खिडकीकडे तोंड करून तिच्याकडे पाठ केली, आणि पुन्हा विचारलं. उत्तर येईपर्यंत वळायचं नाही, असं ठरवून तशीच उभी राहिले. उत्तर यायला वेळ लागला.