कमानीतली सातवी फट

गवंड्याला सगळे ओळंबा म्हणायचे. त्याने बांधलेली भिंत सरळ असायची म्हणून. बोलणंही तसंच, वरून खाली एकदम. तीस वर्षं त्याने नगरपालिकेच्या कामांवर दगड बसवले. हाताखाली माल द्यायला त्याची बायको. तिला दुसरा गवंडी चालत नसे आणि त्याला दुसरी माल देणारी. भांडण मात्र रोज.

त्या वर्षी नदीवरच्या जुन्या पुलाच्या दरजा भरायचं काम निघालं. दगडांच्या सांध्यांतला चुना झडला होता, तो खरवडून नवा भरायचा. पण नगरपालिकेने ठराव केला होता, की कुठल्याही पुलाला हात लावण्याआधी तिथे कोण राहतं ते बघायचं. पाहणीला एक बाई आल्या. तीन संध्याकाळी वही घेऊन पुलाखाली बसल्या, मग परांचीवर चढून मधल्या कमानीत सात फटींभोवती खडूने गोल काढले.

"यांच्यात पाकोळ्या आहेत. किडे खाणारी बारकी वटवाघळं. पिल्लांचे दिवस सरले, म्हणून काम आत्ता काढलंय. या सात सोडून बाकी भरा."

"सोडलेलं लोकांना दिसतं हो," ओळंबा म्हणाला. "नाव माझं जातं."

"कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा."

तो बरं म्हणाला. त्याचं बरं म्हणजे दगडावरची रेघ.

चौथ्या दिवशी चारच्या चहाला तो काठावर उतरला. दिवसाचं काम लांबून बघायची त्याची सवय. कप ओठांपर्यंत नेला आणि हात तसाच राहिला. काळ्या फटी सहा दिसत होत्या.

पुन्हा मोजल्या. सहाच.

"चहात माशी पडली का?" बायकोने विचारलं.

"सातवी कुठाय?"

आणि मग त्याला सकाळचं काम आठवलं. दरजा भरण्याआधी सांधा धुवायचा, चांगला भिजवायचा. कोरडा दगड चुन्यातलं पाणी पितो आणि चुना पिठासारखा गळतो. हे न करणाऱ्याला तो गवंडी म्हणतच नसे. सकाळी त्याने वरपासून खालपर्यंत बादल्या मारल्या होत्या. पाण्याबरोबर खडू गेला. सहा फटी त्याला पाठ होत्या, सातवीवरून थापी सवयीने फिरली. कामचुकार माणसाच्या हातून ही चूक झालीच नसती.

"एका फटीने काय आभाळ कोसळणार आहे?" मुकादम म्हणाला. "पाचला परांची उतरवायची आहे, गाडी निघाली. उद्या साहेब बघायला येतात. सोड ना ओळंब्या."

"आत जीव आहेत."

"गेले असतील उडून."

"भर दिवसा? तुझ्या काकाने उडवले का? लाव बाईंना फोन."

मुकादमाने कुरकुरत फोन लावला. पाहणीच्या कागदावर 'मधली कमान, सात ठिकाणे' एवढंच होतं, नेमकी जागा नव्हती. बाई गावाच्या दुसऱ्या टोकाला तळ्याच्या पाहणीवर होत्या. "परांचीला हात लावू नका," त्या म्हणाल्या, "लेखी निरोप पाठवते. मी तासाभरात पोचते. तोवर शोधा, उघडा."

ओळंबा वर चढला. अंदाजाने उजवीकडचा सांधा उकरला. दोन बोटांवर दगड लागला. शेजारचा उकरला, तिथेही दगड. सकाळी ज्यावर शेवटचा हात फिरवून तो खूश झाला होता, ते काम ढेकळं होऊन नदीत पडत होतं. त्याचं त्याला काही वाटेना. आत हवा किती उरली असेल, हेच डोक्यात. चुना हळू घट्ट होतो, पण होतोच.

"अहो, उंदरासारखं उकरत काय सुटलात?" बायको खालून ओरडली. "आज एका फटीने अख्खं घमेलं खाल्लं. तुम्हीच म्हणालात, हा दगड उपाशी दिसतोय."

"कुठली?"

"डावीकडून तिसऱ्या फळीवर उभी होते मी. करकरणारी फळी. घमेलं मी उचललं होतं, मला ठाऊक नसणार?"

तो तिसऱ्या फळीवर गेला. छिन्नी लावली नाही, न जाणो आत कोणाला लागेल. बोटांनी चुना काढू लागला. चार बोटं, मग पंजा, मग मनगट आत गेलं. चुन्याने कातडी चरचरत होती. शेवटचं ढेकूळ निघालं आणि ओशट, उबदार वास आला. त्याने दगडाला कान लावला. काही ऐकू आलं नाही.

बाई आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. तिघं काठावर बसली. बाकीच्या सहा फटींतून पाकोळ्या निघाल्या, सातवी काळीच.

मग एक बाहेर पडली. थोड्या वेळाने दोन. ओळंबा बोटांवर मोजत होता. आठ झाल्या आणि थांबल्या.

"वहीत किती?"

"नऊ," बाई म्हणाल्या. "मोजताना एखादी इकडेतिकडे होते."

"तुमच्या मोजण्यात, की माझ्या भरण्यात?"

बाईंनी वही मिटली. फट दिसेनाशी होईपर्यंत तो हलला नाही.

परांची आणखी दोन दिवस राहिली. दोन्ही संध्याकाळी तो तिथेच बसला. आठच.

पुढच्या वर्षी नगरपालिकेच्या छापील सूचनांत नवी ओळ आली. खूण खडूने करू नये, धुतल्यावर न जाणाऱ्या रंगाने करावी आणि प्रत्येक फटीची जागा नकाशावर दाखवावी. "बघ, तुझ्यामुळे सरकारी कागद लांबला," मुकादम म्हणाला. ओळंबा हसला नाही.

त्यानंतर कुठल्याही जुन्या कामावर, रंगाची खूण असो वा नसो, सांध्यावर पाणी मारण्याआधी तो दगडाला कान लावायचा. बायको भरलं घमेलं डोक्यावर घेऊन खोळंबलेली.

"आला का कोणाचा निरोप? मान मोडली माझी."

"थांब," तो म्हणायचा.

आणि एरवी क्षणभर न थांबणारी ती, घमेलं धरून गप्प उभी राहायची.