जहाज राखणारा भाऊ
पितळेच्या पॉलिशचा वास आला की ओट्यावर बसून पट्ट्याचं बक्कल घासणारा माझा मोठा भाऊ आठवतो. बंदरात आलेल्या युद्धनौकांना पहारा देणाऱ्या नौदलाच्या तुकडीत तो होता. गावी, कुरवंड्याला, आमचे वडील, आबा, अंथरुणाला खिळले, तेव्हा मी त्याला फोन केला. “परदेशी जहाज आलंय, हितनं हलता येत न्हाई,” तो म्हणाला. आबा येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे, “पोरगं जहाज राखतंय.” दोन दिवसांनी औषध आणायला जवळच्या कुसगावला गेले, तर एका हॉटेलच्या अंगणात तो सासरच्यांबरोबर हसत जेवत बसलेला. मला बघून उठून आला. “आबांना बोलू नगं,” एवढंच म्हणाला. घरी आबांनी विचारलं, “पोराचा फोन आलता का गं?” मला रडू फुटलं. आबा त्याच आठवड्यात गेले. भाऊबीजेला मी अजून त्याला ओवाळते. पण त्याच्या तोंडाकडं मला बघवत नाही.