कानाशी बोलायचं

एकाहत्तरच्या लढाईत जबलपूरच्या कारखान्यात एवढा गोंगाट असायचा, की बोलायचं तर दुसऱ्याच्या कानाला तोंड लावावं लागे. चिंतामणी हर्षेच्या तोंडाला घाण वास येई. तुरटीच्या चुळा भरूनही तो हटत नव्हता. तो जवळ आला की माणसं श्वास रोखून धरत. "हर्षे भैया, दूर से इशारा कर दो ना!" कुणीतरी म्हणे आणि बाकीचे हसत. घरीही तो एकटाच जेवायला बसे. बोलण्यावाचून अगदी अडलंच, तर आधी खिशातली लवंग तोंडात टाकी.

एका दुपारी क्रेनच्या साखळीची कडी फाकलेली त्याला दिसली. भाराखाली त्याचा शेजारी रत्नाकर पाठमोरा काम करत होता. चिंतामणी धावत त्याच्यापाशी पोहोचला आणि सवयीने लवंगेसाठी खिसा चाचपू लागला. तेवढ्यात साखळी तुटली.

रत्नाकरचा पाय कापावा लागला. दवाखान्यात त्याने विचारलं, "चिंतू, तू तर जवळच होतास. काहून बोलला नाहीस रे?"

चिंतामणी सांगायला खाली वाकला. रत्नाकरने तोंड भिंतीकडे फिरवलं. रागाने की वासाने, ते चिंतामणीला कळलं नाही, आणि विचारायचं तर पुन्हा जवळच जावं लागलं असतं.