सहावी कवटी

शैलजा टोकियोत, तोयोसुच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते. सुट्टीच्या दिवशी ओजिमातल्या घरी कागदाच्या कवट्या करते.

ही कला तिला एका मेक्सिकन शेजारणीने शिकवली. त्यांच्याकडे गेलेली माणसं दर नोव्हेंबरात घरी येतात, असं मानतात. त्यांच्यासाठी झेंडू, पाणी, आवडीचं जेवण मांडतात. आणि हसऱ्या, रंगीत कवट्या. शैलजा तशाच कवट्या आपल्या लोकांच्या करते. बिल्डिंगमधले मराठी लोक करून दे म्हणून सांगायला येतात.

"आमच्या बाबांना चष्मा रंगव गं," कल्पनाकाकू म्हणाल्या. "नाहीतर आम्हाला ओळखायचे नाहीत."

यंदा बिल्डिंगच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं. पाच कवट्या शेजाऱ्यांच्या. सहावी धीरजची, तिच्या भावाची. नऊ वर्षांपूर्वी तो ट्रेकला गेला. परत आला नाही. काही सापडलंही नाही. नाशिकला आईने अजून त्याचं श्राद्ध करू दिलेलं नाही.

शनिवारी सकाळी मी, तिची मैत्रीण, मदतीला तिच्या घरी गेले. कवट्या बाल्कनीत वाळत होत्या. कागद चिकटवायला तिने तांदळाच्या पिठाची खळ केली होती. इथले कावळे कोंबडीएवढे. कचऱ्यावरची जाळीसुद्धा उचकटतात. पाच कवट्या त्यांनी टोचून ठेवल्या होत्या. धीरजची तशीच होती. कावळे कठड्यावर बसून तिच्याकडे बघत होते.

"पिंडासारखं झालं," मी म्हणाले. म्हणायला नको होतं.

"खळ तीच आहे," शैलजा म्हणाली. "त्याच पातेल्यातली."

तेवढ्यात नाशिकहून तिच्या आईंचा व्हिडिओ कॉल आला. शैलजाने फोन फिरवून सगळं दाखवलं. आई हसल्या.

"बघ. शिवला नाही ना? आहे तो. त्याला त्या लोकांत मांडू नकोस हं."

"नाही मांडत, आई."

तिने फोन छातीशी दाबून धरला. कवटीकडे बघत अगदी हळू म्हणाली, "आईला मी बघते, धीरज. तू जा."

एक कावळा खाली उतरला. सावकाश चालत आला. कपाळावर एकदाच चोच मारली. मग सगळेच उडाले.

"कसला आवाज गं?"

शैलजाने फोन भिंतीकडे वळवला. "वारा सुटलाय, आई."

"मग त्याला आत घे. लगेच सर्दी होते त्याला."

शैलजाने कवटी दोन्ही हातांनी उचलली आणि आत नेली. प्रदर्शनात पाचच मांडल्या.