दाखल्यातली आई

शिक्क्याच्या शाईला एक ओलसर, जांभळा वास असतो. तुम्ही कधी घेतलाय तो? माझ्यापुरता तो निखळ आनंदाचा वास आहे, हे ऐकून तुम्ही हसाल. सरकारी कचेरी आणि आनंद! पण जन्ममृत्यूच्या नोंदणीच्या खिडकीपुढे एकदा उभे राहून पाहा. पुढे पेढ्यांचा पुडा घेतलेला नवा बाप, मागे डोक्याचे केस उतरवलेला मुलगा, मध्ये विवाहाच्या दाखल्यासाठी आलेलं, अजून हळद न उतरलेलं जोडपं. अशी शिस्तबद्ध रांग विधात्यालाही लावता आली नसती! पुण्यात ती लागते, आणि मृत्यूच्या दाखल्यासाठी मध्ये घुसणाऱ्याला "आपल्याला वर जायची फार घाई दिसते" असं अदबीने ऐकवलंही जातं.

त्या रांगेत एके काळी मीही उभी होते. ते दिवसच उधाणाचे होते. गावाबाहेरच्या माळांवर काचेच्या इमारती उगवत होत्या, बुधवार पेठेतून संगणकाचे सुटे भाग आणून पोरं घरीच यंत्रं जुळवत होती आणि प्रत्येक गल्लीतलं कुणी ना कुणी अमेरिकेला निघालेलं होतं. आता माझी पाळी होती. कंपनीला माझ्या कागदांत जन्मदाखल्याची प्रमाणित प्रत हवी होती आणि ती सोमवारपर्यंत पोचली नाही, तर माझ्या जागी दुसरा कुणी जाणार होता. मी जन्मले आहे, हे समोर सदेह उभी राहूनही सिद्ध होत नव्हतं, काय गंमत आहे पाहा!

आई-बाबा हौसेने बरोबर आले होते. खिडकीतल्या बाईंचं बोट नोंदवहीच्या पानावरून सरकत खाली आलं आणि थबकलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहत त्या म्हणाल्या, "तारीख तुमची, वडील तुमचे. आई मात्र दुसरीच आहे. अर्जात शालिनी, इथे कमल." मग बाबांकडे वळून, "आपल्याला काही सांगायचंय?"

अख्खी रांग बाबांकडे पाहू लागली. बाबा नागपूरकडचे, मुळात भिडस्त. त्यांना दरदरून घाम फुटला. आणि आई? ती तोंडाला पदर लावून खुदखुदत होती. "अहो बाई, कमल म्हणजे मीच!"

आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा त्यात अंगठीने नवं नाव लिहितो, सगळे साखर खातात, आणि वीस वर्षं अंगाखांद्यावर वागवलेलं नाव त्या तांदळांबरोबरच डब्यात जातं. पहिलं बाळंतपण मात्र माहेरी, इथे पुण्यातच. माझी नोंद करायला आजोबा, म्हणजे आईचे दादा, गेले. बाळाच्या आईचं नाव विचारल्यावर कुठला बाप सासरचं नाव सांगेल हो? त्यांनी आपण ठेवलेलं नाव सांगितलं आणि आनंदाने घरी आले.

बाईंनी दोन वाटा सांगितल्या. प्रतिज्ञापत्र देऊन नोंदीत 'शालिनी' अशी दुरुस्ती करून घ्यायची, किंवा नोंद तशीच ठेवून, दोन्ही नावं एकाच स्त्रीची आहेत असं प्रतिज्ञापत्र दाखल्याला जोडायचं. "दुरुस्तीच करून टाकू, कायमची कटकट नको," बाबा म्हणाले. खरं सांगू? मलाही तेच सोयीचं वाटत होतं.

"नाही." आईचा असा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. "माझ्या दादांनी सांगितलेलं नाव आहे ते. जगात आता तेवढं एकाच ठिकाणी उरलंय. ते मी खोडू देणार नाही."

बाबा पायांत चपला सरकवून नोटरी शोधायला निघाले. दुपारी प्रतिज्ञापत्र आलं, शिक्के बसले, माझी प्रत हातात पडली. अमेरिका पक्की झाली! मी निघाले, तर आई पुन्हा रांगेत. तिने स्वतःच्या हाताने दुसरा अर्ज भरला होता. तुला प्रत कशाला, असं विचारलं तर म्हणाली, "तुला जायचंय म्हणून तुला हवी. मला कुठे जायचं नाही. मला नुसती हवी."

माणूस किती साध्या गोष्टीने श्रीमंत होतं! आपण मात्र आयुष्यभर भलत्याच खिडकीपुढे रांगा लावतो. मी बाकावर बसून तिच्याकडे पाहत होते. कपाळावरचा घाम पुसत, पुढच्या माणसाच्या खांद्यावरून डोकावत ती उभी होती, आणि मला एकाएकी इतकं भरून आलं की मी उगाचच हसत सुटले.

तेवढ्यात शिक्का वाजला. बाईंनी कागद उचलला, अर्जावरचं नाव वाचलं आणि सगळ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारा केला, "कमल! कमल कोण आहे?"

शाळेतल्या मुलीसारखा आईचा हात ताडकन वर गेला.

"हजर!"