पान अकरा

बगदादच्या दक्षिणेला हिल्ला गावात, शाळेच्या समोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बोर्डाच्या वर्षाच्या पोरांसाठी मास्तर लोक आपापल्या नोट्स काढतात, त्यांना आम्ही मलझमा म्हणतो. त्या मी छापतो, पिना मारतो आणि विकतो. या मास्तरांचे नखरे फार. एकाला शाई फिकी वाटते, दुसऱ्याला मुखपृष्ठावर स्वतःचा फोटो मोठा हवा असतो. निबंध शिकवणारा उस्ताद यारुब तेवढा मला परवडायचा. चहा दिला तर प्यायचा, नाही दिला तर तसाच बसायचा. कोणी मेलं सांगा, कोणाचं लग्न सांगा, त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलायची नाही.

त्याच्या मलझमेचं सगळं सार पान अकरावर होतं. निबंध म्हणजे समोरच्याला पटवणं, असं तो वर्गात सांगायचा. आधी घरातली एखादी लहानशी गोष्ट सांगायची. मग असा प्रश्न विचारायचा की वाचणाऱ्याने मनातल्या मनात 'नाही' म्हटलंच पाहिजे. मग आपलं म्हणणं तीनदा, तिसऱ्यांदा थोडं वळवून. आणि शेवटी पुन्हा त्याच गोष्टीपाशी येऊन थांबायचं. नमुन्याची गोष्ट अशी होती: 'आमच्या घरात माणसं सात. माझी आई रोज तंदूरमध्ये आठ रोट्या लावते. आठवी रोटी ती फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवते. ती माझ्या भावासाठी असते. तो सकाळी गेला तो आलाच नाही.'

विषय देशप्रेम असो, आईची माया असो, नाहीतर पाण्याची बचत. पोरं ती रोटी कुठेही बसवायची आणि वीसपैकी अठरा मिळवायची. माझ्या तीबानेही ती लिहिली. ती माझी एकुलती एक मुलगी. तिच्या वहीतला हरवलेला भाऊ वाचून बायकोने मला विचारलं, "हा कुठला मुलगा? दुसरं बिऱ्हाड केलंय की काय?"

गोष्ट उस्तादच्या स्वतःच्या घरातली होती, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. त्याचा थोरला भाऊ मुनाफ दोन हजार सहा साली बगदादला जायला निघाला आणि लतीफियाच्या रस्त्यावर कुठेतरी नाहीसा झाला. त्या यादवीच्या वर्षी असं घराघरात झालं, म्हणून कोणी कोणाला फार विचारलं नाही. उम्म मुनाफने, म्हणजे त्याच्या आईने, ती आठवी रोटी खरंच लावली, दोनेक वर्षं. मग तिचे हात दुखायला लागले आणि सुनेने बाजारातून रोट्या आणायला सुरुवात केली. आईची रोटी बंद झाली, पण माझ्या मशीनमधून ती दर हंगामात बाहेर पडत राहिली. पुढे पुढे तर उस्ताद ती गोष्ट व्याकरणाच्या नियमासारखी सांगायचा. आवाज चढायचा नाही, उतरायचा नाही. माझंही तसंच झालं होतं, खोटं कशाला बोलू. मी ते पान हजारदा छापलं आणि हजारदा मला काहीच वाटलं नाही.

मागच्या वर्षी त्या रस्त्यापासून आत, एका मळ्यात, सांगाडे सापडले. ज्यांचं माणूस त्या भागात हरवलं त्यांनी बगदादला येऊन रक्त द्यावं, रक्त जुळलं तर हाडं मिळतील, असं सरकारने कळवलं. आईचं रक्त असेल तर उत्तम. उम्म मुनाफ चौऱ्याऐंशीची, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. डॉक्टर म्हणाला, गाडीत घालून नेलंत तर परत आणाल याचा भरवसा नाही. घरी येऊन रक्त घेतात, पण त्यासाठी अर्ज लिहायचा आणि साहेबाला तो पटायला हवा. म्हातारीला एवढंच हवं होतं. मुनाफचं जे काही असेल ते नजफच्या कबरस्तानात नेऊन पुरावं आणि नंतर तिला त्याच्या शेजारी. डॉक्टरने तिचे दिवस मोजूनच सांगितले होते.

अर्ज लिहायचा आणि तोही निबंधाच्या उस्तादने, म्हणजे काळजीच नको, असं आम्ही सगळे धरून चाललो. त्याने एका बैठकीत दोन पानं लिहिली, मी ती चांगल्या कागदावर काढून दिली आणि सोबत म्हणून त्याच्याबरोबर कचेरीतही गेलो.

खिडकीत सित्त रवासी नावाची बाई होती, तिशीची असेल. तिने पहिली ओळ वाचली आणि पेन खाली ठेवलं. "उस्ताद, हे पान अकरा आहे."

उस्ताद म्हणाला, "हो."

"या फायलीत ही रोटी आधीच चौदा घरांनी लिहिलीय. साहेब रोटी दिसली की अर्ज बाजूला ठेवतात. म्हणतात, ज्याला स्वतःचं माणूस स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही, त्याची घाई खरी कशावरून?"

"पण ही माझी आहे."

"सगळेच असं म्हणतात, उस्ताद." ती चिडलेली नव्हती, उलट ओशाळली होती. "मीसुद्धा लिहिली होती परीक्षेत. मला भाऊच नाही." तिने अर्ज परत सरकवला आणि एक कोरा छापील कागद दिला. यावर साधं लिहा, गुरुवारपर्यंत द्या, त्यानंतर यादी बंद, एवढं सांगून तिने पुढच्या माणसाला बोलावलं.

कचेरीतून उस्ताद तडक माझ्या दुकानात आला, मशीनजवळच्या स्टुलावर बसला आणि त्याने तो कागद मांडीवर घेतला. त्यावर नुसते प्रश्न होते. नाव, वय, अंगावर काय होतं, ओळखीची खूण. त्याने भराभर भरलं: मुनाफ जासिम, एकतीस, तपकिरी जाकीट, डाव्या हाताची करंगळी मोडून वाकडी बसलेली. पुढे प्रश्न होता, 'कशासाठी निघाला?' तिथे त्याचं पेन थांबलं. त्याने 'कामासाठी' लिहिलं, खोडलं. 'खाजगी कारण' लिहिलं, तेही खोडलं. मधल्या वेळात मी चार गिऱ्हाइकं केली. मग त्याने एकदाचं लिहिलं आणि कागद माझ्याकडे दिला, एक प्रत काढ म्हणाला.

त्यात लिहिलं होतं: 'मी पाठवलं म्हणून. हिल्ल्यातल्या दुकानाचं मशीन त्या आठवड्यात बिघडलं होतं, म्हणून माझी पहिली मलझमा बगदादला छापायला टाकली होती. ती आणायची होती. माझा वर्ग होता, म्हणून मी गेलो नाही. तो नको म्हणत होता. रस्ता वाईट आहे, दोन दिवस थांब म्हणाला. मी त्याला भित्रा म्हणालो.'

तेव्हा हिल्ल्यात झेरॉक्सचं दुकान एकच होतं, माझं. मशीन कधी बिघडलं, काय झालं होतं, मला काही आठवेना. अठरा वर्षं हा माणूस माझ्या स्टुलावर बसून माझा चहा पीत होता आणि त्याने मला हे एकदाही ऐकवलं नव्हतं. मी प्रत काढली.

"ठीक वाटतंय का?" त्याने विचारलं. पोरांच्या वह्या तपासताना विचारायचा, तसंच.

मी ठीक आहे म्हणालो.

पुढच्या मंगळवारी रक्त घेणारा माणूस घरी आला. दोन साक्षीदार लागत होते. एक मी होतो. अंगठा घेण्याआधी अर्ज घरच्यांसमोर मोठ्याने वाचायचा, असा त्यांचा नियम निघाला. हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. उस्ताद म्हणाला, आईला कमी ऐकू येतं, वाचायची गरज नाही. तो माणूस म्हणाला, मग मी मोठ्याने वाचतो. आणि त्याने वाचलं, करंगळीपासून 'भित्रा'पर्यंत, बाजारात भाव सांगतात तशा आवाजात.

उम्म मुनाफ छताकडे बघत होती. वाचून झाल्यावर तिने मान वळवली.

"एवढंच लिहायला किती वर्षं घेतलीस रे," ती म्हणाली.

उस्तादने विचारलं, "यम्मा, तुला माहीत होतं?"

"जाताना सांगून गेला की. यारुबची पुस्तकं आणतो म्हणाला. परत येताना तुझ्यासाठी पेनही घेणार होता, तू रागावला होतास ना." मग तिने बाही वर केली आणि त्या माणसाला म्हणाली, "घे बाबा. याच हाताला शीर सापडते."

उस्ताद आत गेला. नळ बराच वेळ चालू राहिला. त्या माणसाने रक्त भरून नळीवर चिठ्ठी चिकटवली, मी सही केली, सुनेने चहा आणला आणि आम्ही तो प्यालो.

कचेरीने अजून काही कळवलेलं नाही. म्हातारी जिवंत आहे. हंगाम आला तशी उस्तादने यंदाची मलझमा छापायला आणून दिली, त्यात पान अकरा नव्हतं. पानांचे आकडे बदलू का, असं मी विचारलं, तर नको म्हणाला. दहानंतर एकदम बारा येतं. पोरं ती परत घेऊन येतात आणि म्हणतात, काका, तुमच्या मशीनने एक पान खाल्लंय. मी म्हणतो, हो, बिघडलं होतं.