दिघीला निघालेली माती

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! आयुष्यभर कंत्राटदारांच्या उरावर बसलेला बातमीदार मी. पण माझ्या लढ्याचा सगळ्यात मोठा दणका बसला तो माझ्याच सासऱ्यांच्या म्हशीला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भोसरीत कारखान्यांचे प्लॉट भरायला कंत्राटदार शेतकऱ्यांच्या रानातली माती बिनदिक्कत उचलत होते आणि मी रोज त्यांच्याविरुद्ध लिहीत होतो. लिहीत कसला, आग ओकत होतो!

एका सकाळी नाक्यावर मातीची पोती भरलेला टेंपो दिसला. मी स्कूटर आडवीच घातली.

"कुणाची माती ही?"

"चाकणच्या एका शेतकऱ्याची," आत बसलेला चष्मेवाला म्हणाला. "तो रान मोडून कांदा लावतोय. फुकट न्या म्हणाला."

फुकट! सांगा, डोकं तापणार नाही तर काय?

"अन् चालली कुठे?"

"दिघीला. एका पेन्शनर गृहस्थांच्या मुरमाड तुकड्यावर म्हशीच्या चाऱ्याला लसूणघास लावायचाय. दोनदा पेरला, दोनदा करपला. यंदाही नाही आला तर बिचारे म्हैस भावाकडे पाठवणार आहेत. ही जुन्या घासाच्या रानातली माती. हिच्यात एक बुरशी असते..."

"बुरशी?"

"हो ना! मी शेतकी कॉलेजात शिकवतो." गडी खुलला. "ती मुळांना धरून राहते. मूळ पोचत नाही तिथवर तिचे धागे जातात, पाणी आणि स्फुरद ओढून आणतात. बदल्यात मूळ तिला साखर देतं. मग कोरड्या, हलक्या जमिनीतही घास तग धरतो."

कंत्राटदारांच्या हजार थापा मी ऐकल्या होत्या. पण बुरशीला साखर? ही थाप नवीन होती!

एव्हाना शिफ्ट सुटली होती. कामगार जमले. गर्दी दिसल्यावर मी गप्प बसतो होय? टेंपोच्या पायरीवर चढलो. "आज माती नेतात, उद्या रान नेतील!" टाळ्या!

टेंपोवाले इस्माईलभाई हात जोडून म्हणाले, "अहो राव, भाषण खाली उतरून करा की! मला दुसरी खेप आहे."

हवालदार आले. त्यांनी पोतं उघडून हुंगलं. "साहेब, बुरशीची फिर्याद कंच्या कलमात बसवू?"

"ते तुम्ही बघा! आधी माल जप्त करा!"

पोती चौकीत गेली आणि मी विजयी वीरासारखा घरी जेवायला. सगळं ऐकता ऐकता हिचं लाटणं थांबलं.

"दिघीला? प्राध्यापक होते का बरोबर?"

"तुला कसं कळलं?"

"अहो, सकाळीच सांगितलं ना, अण्णांच्या घासासाठी आज माती येणार म्हणून! तुम्ही काय वाचत होतात तेव्हा?"

माझीच बातमी वाचत होतो हो! आणि नाक्यावर एवढी उलटतपासणी घेतली, पण त्या पेन्शनरचं, म्हणजे माझ्याच सासऱ्यांचं, नाव तेवढं विचारलं नाही. बातमीदार म्हणे!

जेवणावरून उठून चौकी गाठली. हवालदार निवांत होते.

"माती व्हय? पोती पायजे हुती, म्हून नळापाशी वतली."

सगळी चिखलात कालवलेली. धावत चाकणला गेलो, तर तिथे त्या रानावर नांगर फिरून कांद्याची लागणही सुरू झालेली. संपलं! अण्णांचा तिसरा घासही करपला आणि म्हैस भावाकडे गेली. तिला टेंपोत चढवायला मीच होतो. इस्माईलभाईंचाच टेंपो. म्हशीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. इस्माईलभाईंनी मात्र बघितलं.

आणि चौकीत? त्या खडकाळ अंगणात धड गवत येत नव्हतं, तिथे नळापाशी त्या मातीत पडलेलं बी उगवून आलं. गुडघाभर, हिरवागार लसूणघास! हवालदारांनी शेळी घेतली.

पाडव्याला सासरी गेलो. अण्णा मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. तेव्हाही हसत हसत चहा पुढे केला. कोरा.

मी बावळटासारखं विचारलं, "दूध नाही का, अण्णा?"

"आहे की, जावईबापू," अण्णा म्हणाले, "चौकीत. जाऊन घेऊन या. तिथे तुम्हाला ओळखतात."